तुमच्या घरातली कोणती वस्तू फक्त तुमचंच ऐकते?

म्हापसेकरीण

मंडळी, प्रश्न वेडगळ आहे, पण परवापासून डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे एक टेबलफॅन आहे. फिकट पोपटी, लोखंडी, उचलायला गेलं तर कंबर धरेल असा. लग्नाआधी पणजीत खोली घेऊन राहायचे तेव्हा पहिल्या पगारातून घेतला होता, म्हणजे झाली सव्वीस वर्षं. हल्ली त्याला एक खोड लागली आहे. बटण दाबलं की फिरत नाही, नुसता "हूंऽऽ" करत बसतो. मग जाळीतून पेन्सिल आत घालायची, पात्याला हलकेच टिचकी द्यायची आणि (लिहायला लाज वाटते) "चल रे बाबा" म्हणायचं. की निघाला.

नवऱ्याने केलं तर निघत नाही. मुलाने केलं तर एकदा चक्क उलटा फिरला! वारा आमच्याकडे यायचा सोडून मागच्या कॅलेंडरवर. मुलगा म्हणतो, "आई, तो तोंड फिरवून बसलाय."

परवा नवऱ्याने रिमोटवाला नवा पंखा आणला आणि हा भंगारात द्यायचं ठरवलं. सासूबाईंचंही तेच, "ते भंगार एकदाचं काढा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. घरात सगळे बघत राहिले, मीसुद्धा.

तर विचारायचं असं की असं तुमचं कुठल्या वस्तूशी आहे का? आणि हे वस्तू बनवणाऱ्याचं कसब की आपला खुळेपणा?

चिंचेचं_बुटूक

आमच्या घरातल्या सगळ्या वस्तू फक्त आईचं ऐकतात. मी शोधली की ती वस्तू नसते. आई आली की तिथेच असते.

वास्कोचा_वायरमन

ताई, रुसवा-फुगवा काही नाही, कपॅसिटर गेलाय.

या मोटरला दोन वेटोळी असतात. कपॅसिटरमुळे दुसऱ्या वेटोळ्यातला करंट पहिल्याच्या थोडा पुढे पळतो आणि त्या फरकातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कपॅसिटर मेला की मोटरला कुठे वळायचं तेच कळत नाही, जागच्या जागी थरथरते. तोच तुमचा "हूंऽऽ". मग तुम्ही ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला ती पळते. पोराने टिचकी उलटी मारली, पंखा उलटा फिरला.

बदलायला फार खर्च नाही. आणि पेन्सिल आधी बंद करा. न फिरता हूं करत राहिला तर वेटोळी तापून जळतील, शिवाय बोट गेलं तर वेगळाच धागा काढावा लागेल.

म्हापसेकरीण

वायरमनदादा, म्हणजे मी सांगेन त्याच बाजूला तो जातो. आणखी काय हवं?

वास्कोचा_वायरमन

नवऱ्याने टिचकी दिली तर का निघत नाही, ते मात्र तारांत सापडायचं नाही.

सत्तरीचा_सदू

आमच्या बाबांची गिअरची स्कूटर. बाबा वाळपईला मास्तर. सकाळी स्कूटर बाहेर काढायची, जरा लववायची, मनात दहा मोजायचे, मग किक. दहा म्हणजे दहाच. आठला मारली तर पाच किका फुकट. शेजारी कुणी न्यायला आलं की बाबा चावीबरोबर ही सगळी पोथी वाचून दाखवायचे. शेजारी मान डोलवायचे आणि अर्ध्या तासाने स्कूटर ढकलत परत आणायचे. तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं ना, पोराचा पहिला नंबर आल्यासारखं!

शेवटी विकली. कुठे, तर होंड्याला. म्हणजे सत्तरीतल्या होंडा गावात, बाहेरगावच्या मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये. नंतर दोन-तीन वर्षं बाबा त्या वाटेने जाताना बसच्या डाव्या खिडकीतच बसायचे. ती कुणाच्या तरी अंगणात उभी दिसायची म्हणून.

कुडचड्याचा_कुमार

चेतक का?

सत्तरीचा_सदू

नाव सांगणार नाही. बाबा असते तर म्हणाले असते, घरातल्या माणसाची खोड चारचौघांत काढू नये.

कुडचड्याचा_कुमार

बरं. पण १९७२ साली स्कूटरला राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव देणाऱ्याला माणसाचं मन बरोबर कळलं होतं, एवढं म्हणून गप्प बसतो. आमच्याकडे अजून दसऱ्याला गाडी धुऊन हळदकुंकू, झेंडूचा हार. वॉशिंग मशीनलाही एक फूल. गेल्या वर्षी बायकोने वायफायच्या डब्याला लावलं, दिवसभर रेंज उत्तम.

रेषा_आणि_रंग

धागा आवडला. माझं काम याच क्षेत्रातलं, म्हणून थोडं लांबड लावते.

डोनाल्ड नॉर्मन नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत. वस्तू आपल्याला तीन थरांवर भिडते, असं ते मांडतात. पहिला थर बघताक्षणीचा: रंग, आकार, स्पर्श. दुसरा वापरतानाचा: हातात नीट बसते का, सांगितलेलं करते का. तिसरा मागाहूनचा: ती आपल्याकडे असण्याचा अर्थ, तिच्याभोवतीच्या आठवणी. ताईंचा पंखा दुसऱ्या थरावर सपशेल नापास आहे. पण तिसऱ्या थरावर त्याला पहिला पगार, पणजीची खोली, सव्वीस वर्षं असे भरभरून मार्क पडलेत.

उलटं उदाहरणही आहे. फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरने १९९० साली अलेसी या इटालियन कंपनीसाठी लिंबू पिळायचं यंत्र केलं. तीन लांब पायांवर उभा असलेला चकचकीत ॲल्युमिनियमचा कोळीच जणू. लिंबू वर दाबून पिळायचं, रस खाली ठेवलेल्या भांड्यात. बिया अडवायला चाळणी नाही. पुढे सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली, तिच्यावर तर लिंबू पिळायचंच नाही, आंबटाने मुलामा खराब होतो! तरी लोक हौसेने घेतात आणि दिवाणखान्यात मांडतात. पाहुणा आला की विचारतो, हे काय? झाला बोलायला विषय.

चिंचेचं_बुटूक

लिंबू न पिळायचं लिंबूपिळणं. आमच्याकडे शोकेसमधला टी-सेट असाच आहे. लग्नातला. बहिणीच्या लग्नानंतर पिऊया म्हणाले होते, बहिणीची मुलगी आता बारावीला आहे.

खवचट_काका

सगळं वाचलं. आता कडू बोलतो.

पंखा, स्कूटर ठीक आहे. पण या प्रेमाचा धंदा झालाय, तो कुणाला दिसत नाही का? १९९६ साली जपानात तामागोची निघालं. अंड्याएवढं खेळणं, आत पडद्यावर पिल्लू, वेळेवर बटणं दाबून भरवलं नाही तर मरतं. पोरं शाळेत दप्तरात लपवून भरवायची. प्लास्टिकच्या अंड्याने जिवंत मुलाला कामाला लावलं! आता फोन आपल्याला सकाळी उठून गोड शुभेच्छा देतो. माझी मोठी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहते, तिला मी शेवटचं "बरी आहेस ना" कधी विचारलं ते आठवत नाही. वस्तूंना माया लावायची कशी ते कंपन्या शिकवतायत आणि आपण शिकतोय.

म्हापसेकरीण

काका, राग नाही. पण माझ्या पंख्याने कधी मला शुभेच्छा दिल्या नाहीत. तो तर हूं म्हणतो.

रेषा_आणि_रंग

काकांचा मुद्दा मला निम्मा पटतो. माया मागायलाच बनवलेली वस्तू वेगळी आणि मागितली नसताना माया मिळालेली वेगळी. पहिली लवकर डोक्यात जाते. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधली ती डोळे मिचकावणारी कागदाची पिन आठवते का? पत्र लिहायला घेतलं की टपकायची, मदत करू का म्हणून. इतके लोक वैतागले की २००१ च्या आवृत्तीच्या जाहिरातीत कंपनीनेच तिची टिंगल केली.

पण काका, निर्जीवात जीव बघणं कंपन्यांनी शिकवलेलं नाही. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. दोन त्रिकोण, एक वर्तुळ, एक चौकट, बस. आकृत्या नुसत्या इकडून तिकडे सरकतात. काय पाहिलं ते लिहा म्हटल्यावर ३४ पैकी ३३ जणांनी गोष्टच लिहिली: मोठा त्रिकोण दांडगट आहे, धाकटा आणि वर्तुळ त्याच्यापासून पळतायत वगैरे. एकानेच लिहिलं की आकृत्या सरकल्या.

सत्तरीचा_सदू

काका तेव्हा जन्मले होते का?

खवचट_काका

३४ वा मीच. आकृत्याच सरकल्या होत्या.

डिचोलीची_बाय

आमच्या आजीची आदोळी! मुंबईकरांसाठी: बसायची लाकडी विळी, पात्याच्या टोकाला नारळ खवायचा दातेरी चंद्र. आमच्या आदोळीच्या पाटाला बसून बसून मधे खळगा पडला होता, तो आजीच्या बैठकीच्या मापाचा. आई बसली की म्हणायची, "मला ही लागते." नवी सून बसली की आजी लांबूनच बघायची, ती किती वेळा सरकून बसते ते.

पातं दुमडलं की आम्हा पोरांचा तो घोडा. एकदा मी घोड्यावर बसून मागच्या दारी नेत होते, पातं नीट दुमडलेलं नव्हतं. पोटरीवर अजून खूण आहे. आजीने मला हळद लावली आणि आदोळीला फटका मारला, "पोराक लागयता?" म्हणून. आदोळीवर राग काढल्यावर मी लगेच रडायची थांबले.

पर्वरीचा_पंडित

आदोळी हा कोकणी शब्द. मराठीत खवणी म्हणावं.

डिचोलीची_बाय

खवणीने नारळ खवतात. आदोळीने माझी पोटरी कापली.

कुडचड्याचा_कुमार

भाषेचा वाद १९६१ पासून चालू आहे, या धाग्यावर मिटायचा नाही. पुढे चला.

आबा_६८

१९६१ वरून आठवण झाली. गोवा मुक्त झाला त्याच वर्षी बेंगळुरूला एचएमटीची घड्याळं बनायला लागली. माझ्या मनगटावर त्यांचं 'जनता' आहे, वडिलांचं. बॅटरी नाही, रोज चावी द्यावी लागते. आंघोळ झाली, देवाला दिवा लावला की घड्याळाला चावी. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती बारीक खरखर जाणवते. शेवटी जराशी घट्ट होते, तिथे थांबायचं. किती फेरे ते मोजत नाही, बोटांना कळतं. इस्पितळात पाच दिवस होतो तेव्हा ते बंद पडलं होतं. घरी आल्यावर औषधांच्या आधी त्याला चावी दिली.

खवचटराव, दोन गल्ल्या म्हणजे किती लांब हो?

जपान_रिटर्न

सहा वर्षं नोकरीसाठी जपानात काढून फोंड्याला परतलोय. तामागोचीचा विषय निघाला म्हणून तिथली दुसरी बाजू सांगतो.

सोनीने १९९९ साली आयबो नावाचा यंत्रकुत्रा काढला. आयबो या शब्दाचा जपानीत अर्थ सोबती असाही होतो. २००६ साली उत्पादन थांबलं, २०१४ साली कंपनीची दुरुस्तीही. ज्यांनी दहा-पंधरा वर्षं सांभाळला त्यांनी काय करावं? चिबा प्रांतात इसुमी नावाचं गाव आहे, तिथल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात २०१५ पासून या कुत्र्यांचे अंत्यविधी होऊ लागले. रांगेने कुत्रे मांडलेले, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, भटजी मंत्र म्हणतायत. विधी झाला की त्यांचे भाग काढून दुसऱ्या आजारी आयबोंना बसवायचे. म्हणजे अवयवदानच.

हसू येतं ना? पण ८ फेब्रुवारीला तिथे बऱ्याच मंदिरांत सुयांचा दिवस असतो. वर्षभरात मोडलेल्या, बोथट झालेल्या सुया आणून मऊ तोफूत टोचून ठेवतात. आयुष्यभर जाड कापडात घुसल्या, आता मऊ जागी विसावा. हे पाहिलं तेव्हा मला आपली खंडेनवमी आठवली. आमच्या आईच्या शिलाई मशीनवर त्या दिवशी फूल असतं आणि कितीही अर्जंट ब्लाऊज असला तरी पायटा हलत नाही.

खवचट_काका

खंडेनवमीला मशीनला सुट्टी मिळते ही चांगली गोष्ट आहे. आईला मिळते का?

जपान_रिटर्न

नाही मिळत. त्या दिवशी ती जेवणावळ करते. काका, हे लागलं.

सावंतवाडीची_लेक

माहेर सावंतवाडी, सासर पेडणे. चितारआळीतली लाकडी फळं आमच्या टेबलावर टोपलीत असतात. सासरे रोज त्यांतली एक उचलतात, वास घेतात आणि परत ठेवतात. त्यांना ठाऊक आहे ती लाकडी आहेत. एकदा हळूच विचारलं तर म्हणाले, "न जाणो." पेरूवर नणंदेच्या मुलाचे दात उमटलेत, तो भाग पाहुण्यांकडे करून ठेवतो.

कुडचड्याचा_कुमार

कुणी नरकासुराचं नाव काढलं नाही अजून! दिवाळीच्या महिनाभर आधी त्याच्या पुतळ्यासाठी पोरांची वर्गणी, मग बांबू, गवत, रद्दी, खळ. आमच्या वाड्यावरचा गेल्या साली दुमजली घराएवढा. रात्रभर जागून नखं रंगवली. नखं! खालून दिसतही नव्हती. आणि पहाटे त्यालाच पेटवला. ज्या पोराने डोळे रंगवले होते त्याला आम्ही म्हटलं, तूच काडी लाव. लावली, मग बराच वेळ पाठमोरा उभा होता. धूर गेला डोळ्यांत म्हणाला.

रेषा_आणि_रंग

स्वतः बनवलेल्या वस्तूची किंमत माणूस जास्त लावतो, हे २०१२ साली नॉर्टन, मोशॉन आणि एरिएली यांनी प्रयोगांतून दाखवलं. लोकांनी कागदाच्या घड्या घालून कशाबशा केलेल्या आकृत्या, पण त्यांना त्या कारागिराच्या आकृत्यांच्या तोडीच्या वाटत होत्या. त्या संशोधकांना आपला नरकासुर दाखवायला हवा होता. इतकी किंमत लावून वर जाळायचं, हे कुठल्या कोष्टकात बसवणार? मला वाटतं जाळायचा आहे हे माहीत असतं म्हणूनच नखं रंगवतो. ठेवायचा असता तर पुढच्या वर्षी रंगवू म्हटलं असतं.

पर्वरीचा_पंडित

माझं मत निराळं. आम्ही पहाटे पाचला हमरस्त्यावर नरकासुर सरकण्याची वाट बघत दीड तास अडकलो होतो. माया वगैरे काही दाटली नाही.

आबा_६८

रेषाताई, आमच्या साध्या तांब्याबद्दल तुमच्या शास्त्रात काही आहे का?

रेषा_आणि_रंग

आबा, भरपूर आहे! चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्याच्या शिफारशींतून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. (तुमचं ते १९६१ पुन्हा आलं.) आपल्याकडच्या सगळ्या वस्तूंत त्यांना सर्वांत देखणा वाटला तो लोटा. पाणी किती मावावं, डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचा, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहील, धार कशी पडेल, हाताला कसा लागेल, अगदी वाजला तर आवाज कसा येईल, इथवर प्रश्नांची यादी केली आहे. आणि लिहिलंय की हा कुणा एका माणसाने डिझाइन केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या अनेकांच्या हातून घडत आला.

स्टार्कच्या कोळ्यावर सही आहे. तांब्यावर फक्त पोचे आहेत.

आबा_६८

आमच्या तांब्यावर आईचं नाव कोरलंय, लग्नाची तारीख घालून. पोचे आम्हा भावंडांचे.

सत्तरीचा_सदू

अवांतर: पोदेराचा, म्हणजे आमच्या पाववाल्याचा, पोंपों! सायकलच्या हँडलवरचा तो रबरी भोपू. आमच्याकडे दोन पोदेर येतात, एक सकाळी, एक संध्याकाळी. भोपू तोच, पण आवाजावरून कुत्रासुद्धा ओळखतो कोण आलं. सकाळचा लांब दाबतो, संध्याकाळचा दोनदा तोडून. मधे एकदा सकाळच्याने बॅटरीवरचा हॉर्न लावला. बायका बाहेरच आल्या नाहीत, कोण मोटारवाला म्हणून. चौथ्या दिवशी परत रबरी भोपू.

डिचोलीची_बाय

वाचूनच भूक लागली. पोदेराची पोळी आणि चहा.

म्हापसेकरीण

दिवाळीच्या गडबडीत इथे यायला जमलं नाही. खबर द्यायची राहिली.

वायरमनदादांचं ऐकलं. म्हापशाच्या बाजारात एक म्हातारे मेस्त बसतात, त्यांच्याकडे पंखा नेला. त्यांनी मागचं झाकण काढलं, आत सव्वीस वर्षांची धूळ आणि एक मुंगळा. कपॅसिटर बदलला, दांडा फिरतो त्या बुशला तेल दिलं, बटण दाबलं. निघाला! हूं नाही की चूं नाही. मेस्त म्हणाले, "बाय, हे आता आणखी वीस वर्सां." मी पैसे दिले आणि मला कसंतरीच झालं. घरी आणला तर नवऱ्याने बटण दाबलं, फिरला. मुलाने दाबलं, फिरला. कामवाल्या बाईंनी दाबलं, फिरला.

आता तो सासूबाईंच्या खोलीत आहे. रिमोटवाल्या पंख्याचा रिमोट त्यांना सापडत नाही आणि सापडला तर टीव्हीचा निघतो. कालच मला म्हणाल्या, "त्याला जरा पुसून घे गो, दमला असेल दिवसभर." महिन्याभरापूर्वी "ते भंगार" होतं.

वास्कोचा_वायरमन

वर्षातून एकदा बुशला तेल घालायला विसरू नका. दोन थेंब, जास्त नको.

खवचट_काका

बहिणीकडे जाऊन आलो. तिचा मिक्सर फक्त तिचंच ऐकतो. झाकण डाव्या हाताने दाबून उजव्या गुडघ्याने ओटा रेटायचा. दीड तास याच विषयावर बोलली.

म्हापसेकरीण

काका! वेगळा धागा काढा यावर.

एकच राहिलं. माझी ती पंख्याची पेन्सिल कुठे सापडत नाहीये. खिडकीतच असायची.

चिंचेचं_बुटूक

आईला बोलवा. तिथेच असेल.